पोपटाच्या पोटातला दोरा

माझ्या दारावर बारा महिने एकच पोपट असतो. हिरव्या खणाचा, लाल चोचीचा, धुळीनं पाठ मळलेला. पाडवा येतो, पोळा येतो, दिवाळी येते, संक्रांत येते. मी लोकांच्या दारांसाठी त्या त्या सणाची सजावट शिवून देते, आणि माझ्या दारावर हा आपला बसलेला. गिऱ्हाईक पायरीवर उभं राहून एकदा वर बघतं आणि एकदा माझ्याकडं. एखादी स्पष्टच विचारते, "मावशी, घरात एवढा माल पडलाय, आणि दाराला हे जुनाट का?" मी काहीतरी बोलून टाळते. गेल्या महिन्यात या अंकाचे संपादक घरी आले, 'तुमच्या कामाविषयी लिहून द्या' म्हणाले, तेव्हा तेही बोलता बोलता वर बघतच होते. म्हटलं, आता वय झालं, एकदाचं सांगून टाकावं.

आधी काम काय ते सांगते. गोधडी सगळ्यांना माहीत असते. वर जुन्या लुगड्यांचे तुकडे, खाली मांजरपाटाचं अस्तर, मधे भर, आणि या तिघांना धरून ठेवणारा धावदोरा. तीच गोधडी आम्ही तळहाताएवढी करतो. पोपट, कैरी, बैल, पतंग असे आकार कापायचे, गोधडीसारखं शिवून त्यांच्या दोन बाजू तयार करायच्या, त्या उलट्या ठेवून जोडायच्या आणि पिशवीसारख्या उलटवायच्या. जोडताना एक फट सोडायची, तिला आम्ही तोंड म्हणतो. त्या तोंडातून पोटात कापूस आणि चिंध्या भरायच्या आणि शेवटी तोंड शिवून टाकायचं. असे पाच-सात नग दोरीत ओवले की दाराचं तोरण होतं. ऐकायला पोरखेळ वाटतो. करायला बसलात तर पहिला पोपट बदकासारखा होईल, हे मी लिहून देते.

सोलापुरात कापडाला तोटा नाही. नवी पेठेतले शिंपी कातरण पोत्यानं देतात, टॉवेलच्या कारखान्यांतून कडेच्या पट्ट्या मिळतात. पाडव्याला वीतभर गुढी, एप्रिलमध्ये आमच्या वस्तीत निळी तोरणं, बुद्धपौर्णिमेला पांढरी, पोळ्याला बैलजोडी, दसऱ्याला आपट्याची पानं, दिवाळीला पोपट आणि कैऱ्या, संक्रांतीला पतंग. करकंबच्या एका बाईंनी संक्रांतीचा पतंग नेला, तो भर उन्हात दिवाळीपर्यंत टांगून ठेवला, आणि मग रंग विटला म्हणून भांडायला आल्या. मी म्हटलं, "ताई, मधल्या सणांनी तुमचं काय वाकडं केलं होतं?" तेव्हा कुठं हसल्या, आणि जाताना दोन तोरणं घेऊन गेल्या.

आमच्या खोलीत आम्ही चौघी बसायचो. मी, मंगल, मंगलची बहीण आणि अक्का. अक्का माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू बोलणारी. नवरा मागावर होता, तो लवकर गेला. अक्कानं आधी कितीतरी वर्षं बिड्या वळल्या. त्यामुळे तिची बोटं अशी तयार होती की तिला माप घ्यायला टेप लागायची नाही. सुरुवातीला मी तिला 'तुमी' म्हणायचे. चार दिवस ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "तुमी म्हनायला मी काय बँकेतली बाई हाय व्हय? तू म्हन." तेव्हापासून तू.

धावदोरा म्हणजे सुई वर-खाली, वर-खाली, बाकी काही नाही. तरी प्रत्येकीचा टाका वेगळा, जसं अक्षर वेगळं. माझा टाका सरळ आणि घट्ट, दोरा ओढून घेण्याची मला सवय. अक्काचा टाका तीन बारीक, एक लांब. तीन बारीक, एक लांब. असं का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "हात तसाच चालतो गं." तो टाका कापडावर पाण्यावरच्या बारीक लाटेसारखा दिसायचा. गिऱ्हाइकांना कारण कळायचं नाही, पण दहा तोरणांतून ती अक्काचंच उचलायची. मला त्याचा थोडा राग यायचा, हेही लिहून टाकते.

आमच्या खोलीचे दोन नियम होते. पहिला माझा: कोणतंही कापड कापायच्या आधी धुवायचं. न धुतलेलं कापड नंतर आटतं आणि पोपटाच्या पाठीला सुरकुत्या पडतात. दुसरा अक्काचा: दोऱ्याचा तुकडा केरात टाकायचा नाही. विणकराच्या घरात पडलेल्या दोऱ्यावर पाय देत नाहीत, त्याला झाडू लावत नाहीत, असं ती सांगायची. कापलेला, तुटलेला, उसवलेला, बोटभर का असेना, प्रत्येक दोरा एका पत्र्याच्या डब्यात जायचा आणि भर म्हणून कुणाच्या तरी पोटात. या दोन्ही नियमांनी मला एकेकदा तोंडघशी पाडलं.

पहिल्यांदा पाडलं ते मोडनिंबच्या एका शेतकऱ्याच्या वेळी. पोळ्याच्या आधी तो पिशवीत बैलाची जुनी झूल घेऊन आला. त्याचा बैल त्या वर्षी गेला होता. म्हणाला, "ह्या झुलीची एक बैलजोडी करून द्या. दारावर लावतो. औंदा दावणीला कोन न्हाय." झूल घामानं, शेणानं कडक झालेली. मी ती दोन पाण्यांतून काढली, वाळवली, इस्त्री केली, आणि दोन देखणे बैल शिवले. तो घ्यायला आला, बैल हातात धरले, नाकाशी नेले आणि तसाच उभा राहिला.

"धुतलं व्हय?" त्यानं विचारलं.

"धुवावंच लागतं दादा, न्हाईतर कापड आटतं."

"बराबर हाय तुमचं," तो म्हणाला. "पन आता ह्यात त्यो न्हाय."

बैल घेऊन तो गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. अक्का खिडकीखालच्या तिच्या जागेवरून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "आदी इचारायचं अस्तं, शालन." मी वरवर मान डोलावली, पण मनात म्हटलं, नियम म्हणजे नियम.

अक्काच्या डोळ्यांचं पुढच्याच वर्षी सुरू झालं. सुईत दोरा ओवायला ती मंगलकडं सुई सरकवू लागली. मग हिरवा आणि निळा यांत घोटाळा. मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येत नाही, थेंब घालून आहे ती टिकवायची. बाहेर आल्यावर आम्ही कडुनिंबाखाली बसलो. मला वाटलं ती रडेल. ती हिशेबी माणसासारखी बोलली.

"शालन, घरी बसले की मी संपले. सून वाईट न्हाय, पन दिवसभर तिच्या पायात मी कशाला? हात चालतोय तवर मी येनार. पन एक कर. माझं काम वाकडं गेलं तर मला सांग. गुपचूप उसवू नको. सांग. मग मी दुसरं कायतरी करीन."

"सांगीन की," मी म्हटलं.

"शब्द दे."

मी तिचा हात हातात घेतला आणि शब्द दिला. "सरे," ती म्हणाली. सरे म्हणजे त्यांच्यात 'ठीक आहे'. अक्काचं सरे झालं की विषय संपायचा.

पुढं काही महिने बोटांच्या जोरावर तिनं छान निभावलं. तीन बारीक, एक लांब हे काही डोळ्यांनी मोजायचं काम नव्हतं. बिघडली ती ओळ. एक ओळ दुसरीच्या अंगावर जायची, कधी दोन ओळींत बोटभर मोकळी जागा राहायची. मी बघत होते. आज सांगू, उद्या सांगू, सण होऊन जाऊ दे, असं करत राहिले.

तशात दिवाळीच्या आधी पुण्याच्या एका दुकानाची मोठी ऑर्डर आली. नुसती पोपटांची तोरणं, सगळी एकसारखी. आमच्या खोलीत एवढं काम कधीच आलं नव्हतं. मंगलला मुलीच्या शिक्षणाची काळजी होती, तिनं त्या ऑर्डरवर किती काय मनात रचलं होतं ते मला ठाऊक होतं. पहिले नमुने पाठवले आणि दुकानाच्या बाईंचा फोन आला. बोलायला गोड होत्या. "काम सुंदर आहे हो तुमचं. पण काही पीसेसमध्ये शिलाई एकसारखी नाही. हँडमेड आहे हे मान्य, पण गिऱ्हाईक वाकडं घेत नाही. तसे पीस आले तर मला सगळा लॉट परत करावा लागेल."

मी फोन ठेवला. अक्का खिडकीखाली बसून पोपटाची पाठ शिवत होती. "काय म्हनल्या बाई?" तिनं विचारलं.

तेव्हा सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हटलं, "काम सुंदर हाय म्हनल्या."

ती खूश झाली. त्या दिवशी तिनं रोजच्यापेक्षा दोन पाठी जास्त शिवल्या.

दुपारी अक्का जेवायला घरी जायची. घर दोन गल्ल्या पलीकडं, नातू हात धरून नेऊन आणायचा. ती गेली की मी तिच्या पाठी घ्यायचे, ब्लेडनं ओळीची गाठ तोडायचे, दोरा ओढून काढायचे आणि त्याच भोकांच्या आसपास माझ्या सरळ टाक्यानं पुन्हा शिवायचे. तिच्यासारखं तीन बारीक, एक लांब करून बघितलं, पण माझ्या हातात ते येईना. मंगल एकदा म्हणाली, "काकू, अक्कांना सांगूया की." मी तिला गप्प केलं. मी स्वतःला सांगत होते की हे मी अक्कासाठी करतेय, तिचं मन दुखू नये म्हणून. आता विचार करते तेव्हा वाटतं, मला तिचा चेहरा बघायचा नव्हता, एवढंच होतं ते. आणि आणखी एक. जो टाका गिऱ्हाईक माझ्या टाक्याआधी उचलायचं, तो उसवताना मला जड गेलं नाही. हे कुणाला कधी बोलले नव्हते.

उसवलेले दोरे मी डब्यात टाकत गेले. विचार करून नव्हे, वर्षानुवर्षांची सवय म्हणून. केरात टाकले असते तर अक्काला जन्मात कळलं नसतं.

पोपटाचं तोंड शिवण्याचं काम आमच्यात अक्काचंच असायचं. पोट किती भरलं, कुठं गोळा झाला, कुठं पोकळ राहिलं, हे तिच्या बोटांना जसं समजायचं तसं आम्हाला नाही. ऑर्डर संपत आली होती. कापूस कमी पडला म्हणून मंगलच्या बहिणीनं डब्यातले दोरे मूठभर घेऊन एका पोपटात कोंबले आणि तो अक्काच्या हातात दिला. अक्कानं नेहमीसारखं तोंडातून एक बोट आत घातलं, भर सारखी केली, आणि थांबली. दोन बोटांनी एक दोरा बाहेर काढला.

उसवलेला दोरा लगेच सरळ होत नाही, हे शिवणाऱ्यालाच माहीत असतं. जिथं जिथं तो कापडातून वर आला आणि खाली गेला, तिथं तिथं त्याला मोड राहतो. अक्कानं तो दोरा अंगठा आणि तर्जनीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू ओढला. मग दुसरा काढला. मग तिसरा. मी समोर बसून बघत होते आणि मला कळत होतं की ती काय मोजतेय.

"शालन, ह्ये दोरं कुटले गं?"

मंगल माझ्याकडं बघत होती. अजूनही वेळ होती.

"कातरणातले असतील," मी म्हटलं.

अक्कानं मान हलवली. तिन्ही दोरे पुन्हा पोटात घातले, नीट आत सारले, सुई मागितली आणि तोंड शिवलं. शिवून झाल्यावर पोपटाच्या पाठीवरून तिनं बोट फिरवलं. तिथं माझा टाका होता, सरळ आणि घट्ट.

"सरे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अक्का आली नाही. नातू सांगत आला, आजीला बरं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. मी ओळखलं, तरी गेले नाही. ऑर्डर पूर्ण करायची आहे, असं कारण होतं. ऑर्डर वेळेत गेली, दुकानाच्या बाईंचा पुन्हा फोन आला, फार कौतुक केलं. म्हणाल्या, "या खेपेला शिलाई अगदी एकसारखी आहे." मंगलनं पेढे आणले. माझा पेढा मी मंगलच्या बहिणीला दिला.

दिवाळी झाल्यावर गेले. अक्का दाराशी उन्हात बसली होती. पावलांवरून तिनं मला ओळखलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. चहा संपला, तरी पोपटाचं नाव नाही. शेवटी मीच रडायला लागले. म्हटलं, "अक्का, चुकलं माझं. तुला वाईट वाटंल म्हनून न्हाय सांगितलं."

ती म्हणाली, "मला दिसत न्हाय, ह्ये मला कळत हुतं. ओळ वाकडी जातीया, ह्ये मला कसं कळनार? ते तुला दिसत हुतं. मी तुझ्या डोळ्याच्या भरवशावर बसले हुते, शालन."

"आता ये. ओळीचं काम नको. भर घाल, तोंडं शिव. तुझ्यासारखं पोट कुणाला भरता येत न्हाय."

"तवा सांगितलं अस्तंस तर ह्येच केलं अस्तं की मी," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "आता तू बरं म्हनलीस तरी मला खरं वाटनार न्हाय. मी परत्येक पोपटाच्या पोटात बोट घालून बघत बसनार. असं काम व्हतंय व्हय?"

मी खूप विनवलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण ती आली नाही. घरी बसले की मी संपले, असं ती कडुनिंबाखाली म्हणाली होती. पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेली. डॉक्टरांनी काही वेगळं कारण सांगितलं असेल. मी माझं कारण जाणते.

तिनं तोंड शिवलेला तो पोपट मी पुण्याला पाठवला नव्हता. त्याच संध्याकाळी बाजूला काढून ठेवला होता. अक्का गेल्यावर तो दाराला लावला आणि मग उतरवला नाही. बाहेरून बघाल तर सगळा माझा टाका, कुणीही चांगला म्हणेल असा. आत तिचे उसवलेले दोरे. आणि पोटाखाली, दोन बोटं लांबीचं, तिनं शिवलेलं तोंड. तीन बारीक, एक लांब, थोडं तिरकं. गिऱ्हाइकाला दारातून ते दिसत नाही. पायरीवर उभं राहून मान पार मागं टाकली तर दिसतं. मी रोज सकाळी दार उघडताना टाकते.

आता अक्काच्या जागी खिडकीखाली शबाना बसते. मंगलच्या शेजारची मुलगी, तोंडानं फटकळ, हातानं चलाख. तिनं अक्काला कधी पाहिलेलं नाही. या श्रावणात आम्ही पोळ्याचे बैल शिवत होतो. माझ्या हातातली बैलाची पाठ तिनं सरळ ओढून घेतली, उजेडात धरली आणि म्हणाली, "काकी, राग आला तर येऊ दे, पण ही लाईन टेढी झाली."

राग आला. "आधी स्वतःचं बघ," मी म्हटलं. मग चष्मा काढला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. ओळ शेपटीकडं घसरलेली होती. मला वाटत होतं सरळ आहे. शबानानं ब्लेड उचललं, ते मी तिच्या हातून घेतलं आणि माझे टाके मीच उसवले. दोरे डब्यात टाकले. पुन्हा शिवायला घेतलं, तेव्हा सुईत दोरा तिनंच ओवून दिला.

"शबाना," मी म्हटलं, "इथून पुढं माझं वाकडं गेलं की असंच सांगायचं. मी चिडले तरी सांगायचं. गुपचूप उसवायचं न्हाय. शब्द दे."

तिनं माझ्याकडं नवलानं बघितलं.

"सांगीन की काकी, त्यात काय एवढं?" ती म्हणाली, आणि पुढच्या बैलाची शिंगं कापायला लागली.